मडक्यातल्या चिठ्ठीपासून खिशातल्या फोनपर्यंत

(सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





ह्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणीतरी विद्वान गृहस्थ शिक्षणाचे महत्त्व सांगतात. ते आपल्याला पटलेले आहे. पटले नसते तर इतकी माणसे दुपारच्या उन्हात इथे बसली नसती. मी विद्वान नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि निवृत्त झालो. तेव्हा पैसा घरात कसा येतो ह्यापेक्षा तो घरातून कसा निघून जातो, ह्याबद्दल मला थोडे अधिक कळते. सेक्रेटरी साहेबांनी विचारले, विषय काय घेणार? मी म्हटले, जुगार. ते जरा चपापले. म्हणाले, आपल्या मेळाव्यात हा विषय? आपली मुले तसली नाहीत. मी म्हटले, म्हणूनच घेतो.

आपल्या तालुक्यातून मुले मुंबईला जातात. आमच्या पिढीत गोदीवर, जहाजावर, गिरणीत जात. आता इंजिनिअरिंगला, फार्मसीला, बी.कॉम.ला जातात. म्हणून मी आज मुंबईतल्या जुगाराची हकीकत सांगणार आहे. त्या शहरात हा धंदा कसा वाढला, कसा बदलला, आणि आता तो कुठे येऊन बसला आहे.

मुंबईला पैजेचा नाद फार जुना. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे पावसावर सट्टा लागत असे. आज पाऊस पडेल की नाही, किती पडेल, ह्यावर लोक पैसे लावीत. तुम्हाला ही थाप वाटेल, म्हणून सांगतो : १८८७ सालचा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा काढून बघा. त्यात पाऊस पडण्या-न पडण्यावरची आणि किती पडला ह्यावरची पैज शब्दांत लिहिलेली आहे. कापसाच्या भावावरची आणि त्या भावातल्या आकड्यांवरची पैजही लिहिलेली आहे. कायद्यात एखादी गोष्ट नावानिशी येते, तेव्हा ती गल्लोगल्ली चाललेली असते असे समजावे. घोड्यांच्या शर्यतीला मात्र त्याच कायद्याने वेगळे ठेवले. महालक्ष्मीच्या मैदानावर साहेब लोक जात, हे त्याचे कारण असावे असा माझा तर्क आहे.

कापसाच्या भावातले आकडे म्हणजेच पुढचा मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येई, आणि त्या आकड्यांवर इथे पैसे लागत. ज्याने आयुष्यात कापसाची गासडी पाहिली नाही असा माणूस न्यूयॉर्कच्या भावाची वाट बघत बसे. १९६१ साली तिकडून हे आकडे येणे बंद झाले. आता एखाद्याला वाटेल, चला, सुटलो. पण आकडा बंद झाला म्हणून नाद कुठे बंद होतो? १९६२ साली कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत ह्याने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ साली रतन खत्रीने दुसरा सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यात घालून काढीत, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव तेच राहिले. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक धरायचा. रात्री पहिला तो ओपन, मध्यरात्रीच्या सुमारास दुसरा तो क्लोज, दोन्ही मिळून जोडी. न्यूयॉर्कची गरज उरली नाही.

तेव्हा मुंबईत गिरण्या चालू होत्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पगार झाला की पेढीवर गर्दी. आठ आणे लावणारा, रुपया लावणारा. पंचवीस-पन्नास पैशांची चिठ्ठीसुद्धा घेत. गरिबाला परवडेल अशी वस्तू विकली की खूप खपते, हे व्यापाराचे तत्त्व त्यांना चांगले ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. गिऱ्हाईकाच्याच हातात पैसा उरला नाही, तिथे मटका कसला? त्यात पुढच्या काळात पोलिसांच्या धाडी वाढल्या. पूर्वीचा मटका त्यानंतर राहिला नाही.

आमच्या गावच्या जमातीची खोली डोंगरीत होती. मी कॉलेजला असताना तिथेच राहिलो. एका खोलीत चौदा-पंधरा माणसे, प्रत्येकाची एक पेटी, रात्री अंथरूण टाकायला पाळी. आमच्यात एक चाचा होते, गोदीत कामाला. माणूस देवभोळा, प्रेमळ, मला इस्त्रीला पैसे द्यायचे. पण त्यांना आकड्याचा नाद होता. रात्री स्वप्नात काय दिसले ह्याचा सकाळी हिशेब मांडायचे. स्वप्नात रेल्वे दिसली, डबे किती होते? त्यावरून आकडा. खोलीतले सगळे त्यांची थट्टा करीत. एके दिवशी खोलीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ज्यांच्याकडे भाड्याचा हिशेब असे, चाचांना सरळ सांगितले, "पगाराच्या दिवशी मी गोदीच्या गेटावर येणार. मनीऑर्डर आधी, मग तू आणि तुझा आकडा." आणि ते खरोखर दर महिन्याला गेटावर जाऊन उभे राहिले. चाचांनी मटका सोडला असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या घरी दर महिन्याला मनीऑर्डर गेली, मुलगी शिकली, आणि ती पुढे शिक्षिका झाली.

हे मी का सांगतो? त्या मटक्यात एक गोष्ट होती. तो दिसायचा. पेढीवर जावे लागे, कोणीतरी बघे, खोलीत बातमी येई, गावाला चिठ्ठी जाई. शरम होती. शरमेला आपण आजकाल मागासलेपणा समजतो, पण चाचांचे घर त्या शरमेने आणि त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या दोन पायांनी वाचवले. दुसरी गोष्ट, मटका दिवसातून दोनदाच लागे. हरलेल्या माणसाला उद्यापर्यंत थांबावे लागे. मधे झोप होती, कामाचा पाळा होता, नमाज होती, बायकोचे पत्र होते. आता ह्या दोन्ही गोष्टी नाहीत.

मधल्या काळात लॉटरी आली. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. २००० नंतर संगणकावरची लॉटरी आली, आणि मुंबईत स्टेशनाबाहेर, बाजारात तिची दुकाने दिसू लागली. इथे पहिल्यांदा आकडा पडद्यावर आला. त्यावर फार बोलत नाही, कारण खरा फरक २०१६ सालापासून पडला. त्या वर्षी एप्रिलमध्ये यू.पी.आय. सुरू झाले, म्हणजे फोनवरून एका क्षणात पैसे पाठवण्याची सोय. सप्टेंबरमध्ये जिओ आला आणि इंटरनेट स्वस्त झाले. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि चहाच्या टपरीवरसुद्धा फोनने पैसे द्यायची सवय लागली. ह्या तिन्ही गोष्टी जुगारासाठी झालेल्या नव्हत्या. यू.पी.आय.ला तर मी बँकेतला माणूस म्हणून मनापासून चांगले म्हणतो. आखातातून आलेला पैसा घरच्या बाईच्या हातात थेट पडतो ही लहान गोष्ट नाही. परंतु रस्ता बांधला की त्यावरून रुग्णवाहिकाही जाते आणि दारूची गाडीही जाते. मग २०२० साली टाळेबंदी आली. मुले घरात, हातात फोन, बाहेर जायचे नाही. पुढचे सांगायला नको.

मुंबईत ह्या धंद्याची कार्यालये उभी राहिली. जुन्या पेढीसारखी बोळातली नव्हेत. काचेच्या इमारतीतली, वातानुकूलित, इंजिनिअर मुलामुलींनी भरलेली. रमीचे खेळ चालवणारी गेम्स ट्वेंटीफोर बाय सेव्हन २००६ साली निघाली. ड्रीम इलेव्हन ही मुंबईचीच कंपनी, २००८ सालची. तुम्ही अकरा खेळाडूंचा संघ कागदावर निवडायचा, आणि खरोखरच्या सामन्यात ते जसे खेळतील तसे तुम्हाला गुण. २०१९ साली तिची किंमत एक अब्ज डॉलर्सवर गेली. २०२० च्या आय.पी.एल.ला तिचे नाव लागले. २०२३ साली भारताच्या क्रिकेट संघाच्या छातीवर तिचे नाव आले; त्यासाठी तीन वर्षांचा ३५८ कोटी रुपयांचा करार झाला. कल्याणजी भगताचे नाव कोणी छातीवर मिरवले नव्हते. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. धंद्याची इभ्रत किती बदलली एवढेच दाखवतो. ज्या गोष्टीसाठी चाचा मान खाली घालून जात, तिची जाहिरात तुमच्या मुलाचा आवडता खेळाडू करू लागला.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ह्या कंपन्यांचे म्हणणे, हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. आणि न्यायालयांनी ते बऱ्याच अंशी मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बक्षीस स्पर्धांच्या खटल्यात कौशल्य आणि नशीब ह्यांत भेद केला, १९६७ साली रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असे म्हटले, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीबद्दलही तसेच. कागदावरच्या क्रिकेट संघाबद्दल पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. मी वकील नाही. निर्णय निर्णय आहेत. पण आमच्या मुलांनी ह्या शब्दाचा फार फायदा घेतला. बापाने विचारले, जुगार खेळतोस? मुलगा म्हणतो, नाही अब्बा, हा स्किलचा गेम आहे, कोर्टाने सांगितले आहे. बापाला इंग्रजी येत नाही, तो गप्प.

मित्रहो, कौशल्य म्हणा की नशीब म्हणा, मी तुम्हाला फक्त हिशेब दाखवतो. समोर बसलेल्या दहावीच्या मुलांनी वहीत मांडावा. दहा जणांनी प्रत्येकी दहा रुपये टाकले. शंभर जमले. चालवणाऱ्याने दहा आपले काढून घेतले, नव्वद जिंकणाऱ्याला दिले. मटक्याचा भावही साधारण असाच होता, दहातला एक आकडा आणि नऊपट पैसे. आता ह्या दहा जणांत कोणी हुशार असेल, कोणी ढ असेल. पण दहा जणांची मिळून बेरीज केली तर शंभर गेले आणि नव्वद आले. हुशार मुलगा जिंकला तर तो कंपनीचे पैसे जिंकत नाही, शेजारच्या ढ मुलाचे जिंकतो. कंपनीचे दहा आधीच बाजूला पडलेले असतात.

पुढे बघा. आलेले नव्वद पुन्हा लावले. पुन्हा दहावा भाग गेला, एक्याऐंशी राहिले. पुन्हा लावले, त्र्याहत्तरच्या खाली आले. असे दहा वेळा केले तर सरासरीने शंभराचे पस्तीस उरतात. वीस वेळा केले तर बारा. चाचांना वीस वेळा लावायला दिवसाला दोनदाच्या हिशेबाने दहा दिवस लागत. फोनवरचा एक डाव एका मिनिटात होतो. म्हणजे चाचांचे दहा दिवस आपल्या मुलाच्या वीस मिनिटांत बसतात. इशाची नमाज संपवून बाप घरी येईपर्यंत मुलाचे दहा दिवस संपलेले असतात. फोनवरच्या जुगाराची सगळी धार ह्या वेगात आहे. त्यातला दर मटक्यापेक्षा वाईट असतोच असे नाही. वेळ मात्र काहीच्या काही आहे.

आणि थांबायला का जमत नाही? अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबते. पण दाणा कधी मिळेल, कधी नाही, असा अनिश्चित ठेवला तर ते चोच मारतच राहते. आमची मुले कबुतरे नाहीत, परंतु खेळ बनवणाऱ्यांनी हा प्रयोग चांगला वाचलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराची विकृती ही रोगांच्या यादीत घातलेली आहे. तेव्हा मुलगा अडकला तर तो वाईट घराण्याचा आहे असे लगेच समजू नये. हे मी पुढे पुन्हा बोलणार आहे.

आता आपल्या दीनबद्दल. मी आलिम नाही, मौलाना साहेब समोर बसलेले आहेत, चुकलो तर दुरुस्त करावे. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत आणि सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत शराबबरोबर मैसिरचा उल्लेख आहे, हे आपण सारे जाणतो. अरबस्तानात त्या काळी उंट कापून त्याच्या वाट्यांवर बाण काढीत, आणि जिंकलेले मांस कित्येकदा गरिबांना वाटीत. म्हणून बकराच्या आयतीत त्यात लोकांना काही फायदे आहेत हेही नाकारलेले नाही. नुकसान मात्र फायद्याहून मोठे म्हटले आहे. मला ही गोष्ट नेहमी विचार करायला लावते. फायदा नाही असे खोटे सांगून मनाई केलेली नाही. आजही फायदे आहेत. मुंबईत हजारो मुलांना ह्या कंपन्यांत नोकऱ्या होत्या, चांगल्या पगाराच्या. सरकारला कर मिळत होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर खेळायला भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जी.एस.टी. लागला. ह्या फायद्यांकडे डोळेझाक करून मुलांना समजावायला गेलात तर ती तुमचे ऐकणार नाहीत. त्यांना माहिती असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. बँकांनी त्यांचे पैसे फिरवू नयेत असेही त्यात आहे. कायदा आणताना सरकारने अंदाज दिला की सुमारे ४५ कोटी लोकांना ह्या खेळांची झळ लागली आणि वीस हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे खेळ बंद केले. क्रिकेट संघाच्या छातीवरचे नावही उतरले. कायद्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली : खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्याला गुन्हेगार न मानता नुकसान झालेला मानले आहे.

पण १९६१ साली न्यूयॉर्कचा आकडा बंद झाला तेव्हा काय झाले, ते मघाशी सांगितले. मुंबईच्या जुन्या कायद्याला जुगाराचे घर लागे. खोली, जागा, जिथे धाड घालता येईल. आता घर दुबईत किंवा आणखी कुठल्या देशात, आणि दार तुमच्या मुलाच्या खिशात. परदेशातून चालणारी ॲप्स आधीपासून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेव नावाच्या ॲपसह बावीस ॲप्स आणि संकेतस्थळे एका दिवसात बंद केली. एक बंद झाले की दुसऱ्या नावाने निघते. व्हॉट्सॲपवर कोणीतरी 'आयडी' देतो, टेलिग्रामवर 'टिप' देतो, पैसे कुठल्यातरी अनोळखी नावाच्या खात्यावर भरायला सांगतो. आणि मटकासुद्धा मेलेला नाही; तोही फोनवर आला आहे.

इथे विद्यार्थ्यांना बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट बजावतो. हे अनोळखी नावाचे खाते कोणाचे असते, ठाऊक आहे? तुमच्यासारख्याच एखाद्या कॉलेजच्या मुलाचे. त्याला कोणी मित्र सांगतो, तुझे खाते आणि ए.टी.एम. कार्ड दोन महिने दे, दहा हजार देतो, तुला काही करायचे नाही. त्या खात्यातून सट्ट्याचे आणि फसवणुकीचे लाखो रुपये जातात. पोलीस शोधत येतात ते खात्यावरच्या नावापर्यंत, आणि नाव त्या मुलाचे असते. खाते गोठते, त्यात शिष्यवृत्ती आलेली असते तीही अडकते, पुढे पासपोर्टला आणि नोकरीला अडचण. आखातात जायचे स्वप्न तिथेच संपते. खाते भाड्याने देणे हा जुगार खेळण्यापेक्षाही वाईट व्यवहार आहे; खेळणाऱ्याला कायद्याने सोडले, खाते देणाऱ्याला कोणी सोडत नाही.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ती गोष्ट. ज्या मुलाची आहे त्याने हे भाषण आधी वाचले आहे आणि सांगायला परवानगी दिली आहे. नाव, गाव सांगणार नाही, आणि आपणही शोधू नये.

२०२३ साल. मुलगा आपल्याच शाळेतला, दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेला, मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाप आखातात ड्रायव्हर. फीसाठी सोसायटीने बिनव्याजी कर्ज दिले होते, राहिलेले आईने बांगड्या ठेवून उभे केले. आय.पी.एल. चालू होती. होस्टेलमधल्या सगळ्यांनी एकोणपन्नास रुपये भरून संघ लावला, ह्यानेही लावला. पहिल्याच आठवड्यात बाराशे रुपये आले. त्याने आईला सुती साडी पाठवली. पालकांनो, लक्षात ठेवा, सुरुवात साडीने झाली. क्रिकेट संपले, मग रमी. रमी झाल्यावर कुणीतरी दिलेली आयडी. चार महिन्यांत शहाऐंशी हजार रुपये गेले. त्यात दुसऱ्या सहामाहीची फी होती, परीक्षेची फी होती, आणि फोनवरून घेतलेली तीन लहान कर्जे होती, ज्यांचे वसुलीवाले त्याच्या आईला फोन करू लागले. तेव्हा घरी कळले.

मामूने त्याला मारले. बापाने आखातातून फोनवर सांगितले, माझ्या घरात येऊ नको. सोसायटीच्या बैठकीत एका सभासदाने म्हटले, कर्ज ताबडतोब वसूल करा आणि नाव फळ्यावर लावा, म्हणजे दुसऱ्यांना अद्दल घडेल. त्यांचा राग मला समजतो. तो पैसा जकातीतला नव्हे, लोकांनी कष्टाने दिलेल्या देणगीतला होता. पण मुलगा त्या आठवड्यात होस्टेलच्या गच्चीवर दोन रात्री बसून राहिला होता, हे त्याच्या मित्राने मला सांगितले. मी त्याला घरी बोलावले.

मी त्याला काही विचारले नाही. बँकेचे स्टेटमेंट छापून आण म्हटले. अकरा पाने होती. आम्ही दोघांनी लाल पेन्सिल घेऊन एकेक नोंद वाचली. रात्री दोन वाजून दहा, पाचशे. दोन वाजून चौदा, पाचशे. दोन वाजून एकोणीस, हजार. साडेचारपर्यंत तसेच. मधे एकदा सहा हजार आलेले. मी विचारले, इथे का थांबला नाहीस? तो म्हणाला, "चाचा, तेव्हा नऊ हजार गेलेले होते. तीनच कमी होते." मग म्हणाला, "हरलो म्हणून खेळत होतो असे नाही. जिंकल्यावरही थांबता येत नव्हते." ते ऐकून मला डोंगरीची खोली आठवली. ह्या मुलाच्या होस्टेलच्या खोलीतही तिघे जण होते. रात्री साडेचारपर्यंत शेजारच्या खाटेवर फोन उजळत होता, आणि कोणालाही काही कळले नाही. कळले असते तर तरी ते कोणाला सांगणार होते?

पुढे काय केले ते थोडक्यात. फोनवरची कर्जे आधी मिटवली, कारण त्यांचे व्याज धावत होते. वसुलीवाल्यांच्या धमक्यांची तक्रार १९३० ह्या सायबर क्रमांकावर केली. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६ क्रमांक, फुकट, मराठीतही बोलतात. तिथून त्याला समुपदेशकाचा पत्ता मिळाला. त्याच्या खात्यावर आईचा मोबाइल क्रमांक लावला, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा निरोप तिला जातो. बाई फारशी शिकलेली नाही, पण आकडा वाचता येतो. एक वर्ष वाया गेले. सोसायटीने, मोठ्या वादावादीनंतर, कर्जाचे हप्ते पुन्हा बांधून दिले. बापाने आठ महिने बोलणे टाकले होते. ईदला फोन केला. एकदा, मधे, तो पुन्हा खेळला. तीनशे रुपये. आईला निरोप गेला, तिने मला फोन केला, मी मुंबईची गाडी पकडली. ह्या वयात मलाही गेटावर जाऊन उभे राहावे लागले.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाचा फोन हिसकावून घेऊ नका. त्याचा अभ्यास त्यावर आहे, आणि तो दुसरा मिळवील. महिन्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून खात्याचे पान वाचा. तुमचेही पान त्याला दाखवा, म्हणजे ती तपासणी वाटणार नाही. घरात पैसे चोरीला जात असतील, मुलगा रात्री जागत असेल, मित्रांकडून उसने घेत असेल, तर मारण्याआधी विचारा. आणि आपल्या घरात लग्नाच्या रात्री 'गंमत म्हणून' पैसे लावून पत्ते खेळणारे जे मोठे लोक आहेत, त्यांनीही जरा मुलांकडे बघावे. ह्यावर काही जण हसले. मी गंमत केलेली नाही.

सोसायटीच्या कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. ह्या वर्षापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, जोहरच्या नमाजीनंतर, शाळेच्या तीन नंबरच्या खोलीत मी आणि आणखी दोघे निवृत्त सहकारी बसणार आहोत. ज्याला आपले किंवा आपल्या मुलाचे स्टेटमेंट घेऊन यायचे असेल त्याने यावे. रजिस्टर ठेवणार नाही, नाव लिहिणार नाही. मी सांगितलेला तो मुलगाही आता शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत आला की तोही बसणार आहे. लाल पेन्सिली आम्ही आणून ठेवल्या आहेत.